धागा: संध्याकाळी फक्त कॉम्प्युटरचंच नेट जातं, मोबाइल मात्र चालू. कुठून शोधायला सुरुवात करू?

ताळेबंद | सोमवार, रात्री ८.५०

नमस्कार.

मी पुण्यात कर्वेनगरला राहते. घरूनच लहान दुकानदारांची जीएसटीची आणि जमाखर्चाची कामं करते. डेस्कटॉप आहे, विंडोज १०. वायफायवर नाही, हॉलमधल्या राउटरपासून आतल्या खोलीपर्यंत केबल ओढून ती थेट कॉम्प्युटरच्या पाठीमागे लावलेली आहे. कनेक्शन फायबरचं.

सकाळपासून संध्याकाळपर्यंत काही त्रास नाही. साडेसातच्या पुढे कधीतरी नेट जातं. खाली उजव्या कोपऱ्यात पृथ्वीच्या गोळ्याचं चिन्ह येतं आणि 'नो इंटरनेट' दिसतं. कधी अर्ध्या तासाने आपोआप येतं, कधी दहा वाजले तरी येत नाही. त्याच वेळी घरातले सगळे मोबाइल त्याच राउटरच्या वायफायवर मस्त चालतात. हॉलमध्ये सासूबाईंची मालिका टीव्हीवर नेटवरूनच चालू असते, तीसुद्धा कुठे अडकत नाही.

राउटर बंद करून चालू केला की कॉम्प्युटरवर नेट येतं, पण थोड्याच वेळात परत जातं. कॉम्प्युटर रीस्टार्ट केल्याने काहीच फरक पडत नाही.

कंपनीचा माणूस येऊन गेला. तो दुपारी आला आणि दुपारी सगळं व्यवस्थितच असतं. त्याने स्पीड दाखवला आणि कॉम्प्युटरचा प्रॉब्लेम आहे म्हणाला. कॉम्प्युटर दुरुस्त करणारे म्हणतात लाइनचा प्रॉब्लेम आहे, आणि जमलं तर नवीन विंडोज टाकून बघू. मला मधल्या मध्ये काय करावं कळत नाही. ११ तारखेला जीएसटीआर-१ आणि २० तारखेला ३बी, ही जीएसटीची विवरणपत्रं भरायची असतात. पक्षकार दुकान बंद करून रात्री आठला आकडे पाठवतात, म्हणजे माझं खरं काम नेमकं त्याच वेळात असतं. ओटीपी टाकायच्या क्षणी नेट गेलं की पुन्हा लॉगिनपासून सुरुवात. तारीख चुकली तर दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क, निरंक विवरणपत्र असलं तरी २०. ते माझ्या पक्षकारांनी का भरावं?

कुणाला असा अनुभव असेल तर कृपया सांगा. मला तांत्रिक फार कळत नाही, पण सांगाल ते नीट करीन.

मुळाकाठ | सोमवार, रात्री ९.०५

डीएनएस, म्हणजे वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा, बदलून बघा. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये गूगलचा ८.८.८.८ किंवा क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ टाका. त्याने नाही झालं तर विंडोजच्या सेटिंग्जमध्ये 'नेटवर्क रीसेट' असं बटण आहे, ते दाबा. माझ्याकडे त्यानेच सुटलं होतं.

वळीव | सोमवार, रात्री ९.१२

विंडोज १० असेल तर तसंही बदलायला हवं. त्याचे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले.

आठतारा | सोमवार, रात्री ९.३५

ताळेबंद, निम्मं उत्तर तुम्ही लिहिलेल्यातच आहे. त्याच वेळी, त्याच राउटरवर मोबाइल चालतात आणि टीव्ही चालतो. म्हणजे खांबापासून राउटरपर्यंतची लाइन शाबूत आहे. कंपनीच्या माणसाला परत बोलावू नका, तो पुन्हा स्पीड दाखवून जाईल आणि त्याच्या बाजूने ते बरोबरच असेल. बिघाड राउटरच्या मागच्या पोर्टपासून तुमच्या कॉम्प्युटरच्या आतपर्यंत कुठेतरी आहे.

वळीव म्हणतात ते खरं आहे, विंडोज बदलायला हवं; हिशोबाचं काम असेल तर जास्तच. पण ते सुरक्षेसाठी. जो कॉम्प्युटर दिवसभर विनातक्रार चालतो त्याचं विंडोज रोज संध्याकाळी साडेसातला खराब होत नाही.

मुळाकाठ, डीएनएस बदलायला माझी हरकत नाही, फक्त तो कधी उपयोगी पडतो ते आधी बघू. आणि नेटवर्क रीसेट आत्ता कृपया नको. याबद्दल माझं मत ठाम आहे. रीसेट, फॉरमॅट, नवा राउटर, यातलं काहीही आधी केलं की पुरावा पुसला जातो. चाललं तर का चाललं कळत नाही, आणि महिन्याभराने पुन्हा बंद पडलं की परत शून्यापासून.

ताई, उद्या संध्याकाळी सातच्या सुमाराला, नेट चालू असतानाच, एवढं करून ठेवा. विंडोजचं बटण आणि आर एकदम दाबा, चौकटीत सीएमडी लिहून एंटर करा. काळी खिडकी उघडेल. तिच्यात इंग्रजीत 'आयपीकॉन्फिग' टाइप करा. बऱ्याच ओळी येतील. त्यात 'डिफॉल्ट गेटवे' समोरचा आकडा तुमच्या राउटरचा पत्ता. बहुतेक घरांत तो १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. त्याच्या वरती 'आयपीव्ही४ अॅड्रेस' दिसेल, तो तुमच्या कॉम्प्युटरचा पत्ता. दोन्ही कागदावर उतरवा.

मग त्याच खिडकीत 'पिंग', जागा सोडून राउटरचा पत्ता, जागा सोडून उणे चिन्ह आणि त्याला चिकटून टी. एंटर केलं की दर सेकंदाला एक ओळ येत राहील. तशीच दुसरी काळी खिडकी उघडा आणि तिच्यात राउटरच्या जागी ८.८.८.८ टाका. पहिली खिडकी राउटरची विचारपूस करतेय, दुसरी बाहेरच्या जगाची. दोन्ही शेजारी शेजारी ठेवून तुमचं काम करत राहा.

नेट गेलं की आधी त्या दोन खिडक्यांकडे बघायचं. दोन्हीकडून उत्तरं येत असतील आणि तरी वेबसाइट उघडत नसेल, तर डीएनएस. तेव्हा मुळाकाठ यांचा उपाय करायचा. राउटर उत्तर देतोय पण बाहेरून उत्तर नाही, तर लाइन. राउटरच उत्तर देत नाही, तर केबल, कॉम्प्युटरचं नेटवर्क कार्ड किंवा पत्त्याचा घोळ. त्या क्षणी पुन्हा 'आयपीकॉन्फिग' चालवा, पण या वेळी पुढे जागा सोडून तिरकी रेघ आणि 'ऑल' लिहा. जे दिसेल त्याचा मोबाइलने फोटो काढा.

आणि एक वही जवळ ठेवा. किती वाजता गेलं आणि त्याच्या आसपास घरात काय चालू झालं ते लिहा. पंप, मिक्सर, टीव्ही, इन्व्हर्टर, काहीही. ठरावीक वेळेला येणाऱ्या बिघाडाला ठरावीक कारण असतं, आणि ते घरातल्या माणसालाच सापडतं, बाहेरून आलेल्याला नाही.

पर्वतीपायथा | मंगळवार, सकाळी ७.१५

आठतारा यांनी रास्त सांगितलं आहे. मी विजेच्या कामात आयुष्य घालवलं, म्हणून त्या बाजूने थोडं लिहितो. ताळेबंद यांना नाही तरी दुसऱ्या कुणाला उपयोग होईल.

संध्याकाळी ठरावीक वेळी नेट जाण्याचं एक कारण मी बऱ्याच सोसायट्यांमध्ये पाहिलं आहे: राउटरचा अॅडॉप्टर. साधारण १२ व्होल्टचा असतो. दोन-चार वर्षं रात्रंदिवस गरम राहून त्याच्या आतले कपॅसिटर सुकतात. एरवी तो तग धरतो, पण संध्याकाळी व्होल्टेज पडलं किंवा सोसायटीच्या टाकीची मोटर सुरू झाली की अॅडॉप्टर क्षणभर कमी पडतो आणि राउटर स्वतःच पुन्हा सुरू होतो. ओळखायचं कसं? नेट गेल्याबरोबर राउटरच्या दिव्यांकडे बघा. सगळे एकदम विझून एकेक करत लागत असतील तर अॅडॉप्टर. त्या वेळी मोबाइलचंही वायफाय तुटतं. ताळेबंद यांच्याकडे मोबाइल चालू आहेत, म्हणजे त्यांचा हा आजार नव्हे.

नवीन अॅडॉप्टर तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत सहज मिळतो. जुना सोबत न्या. व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त, आणि पिनची जाडी व ध्रुव तेच. व्होल्ट जास्त झाले तर राउटर जळू शकतो. इन्व्हर्टर असूनही लाइट गेल्यावर राउटर बंद-चालू होत असेल, तर बदली होताना जो क्षण जातो त्यात तो पडतो. त्यासाठी राउटरपुरता छोटा डीसी यूपीएस मिळतो. गुरुवारी देखभालीसाठी वीज जाणाऱ्या भागात घरून काम करणाऱ्यांनी तो घ्यावाच.

गच्चीवरची बाग | मंगळवार, सकाळी १०.२०

नमस्कार. धाग्यात मध्येच घुसते, पण माझीही तक्रार तीच आहे. धनकवडीला राहते. वारा सुटला किंवा पाऊस आला की नेट जातं आणि भिंतीवरच्या पांढऱ्या डबीवर 'लॉस' लिहिलेला दिवा लाल होतो. मोबाइल, कॉम्प्युटर सगळ्यांचंच जातं. मीही पिंग वगैरे करू का?

आठतारा | मंगळवार, सकाळी ११.०५

गच्चीवरची बाग, तुम्हाला पिंगची गरज नाही, तुमचं निदान त्या दिव्यानेच केलंय. तो लाल झाला म्हणजे फायबरमधून प्रकाशच येत नाहीये, किंवा इतका क्षीण येतोय की डबीला तो वाचता येत नाही. यात तुमच्या कॉम्प्युटरचा काही संबंध नाही. कंपनीकडे तक्रार नोंदवताना 'नेट स्लो आहे' असं अजिबात म्हणू नका. 'वाऱ्यात लॉस दिवा लाल होतो, ऑप्टिकल पॉवर तपासा' असं म्हणा. वायरवाल्याकडे पॉवर मीटर असतो. आकडा उणे डीबीएममध्ये, म्हणजे प्रकाशाची ताकद मोजायच्या एककात, येतो. उणे १८, उणे २२ असेल तर छान. उणे २७च्या पलीकडे गेला की डबी सिग्नल सोडते. दर ३ डेसिबलला प्रकाश निम्मा होतो, म्हणून २४ आणि २७ यांत फरक थोडा वाटला तरी तो निम्म्याचा आहे. आकडा एकदा स्थिर असताना आणि एकदा बाहेरची वायर हाताने हलवून घ्यायला सांगा. हलवल्यावर पडला तर जोड सैल आहे किंवा वायर फांदीवर, छपराच्या कडेवर कुठेतरी घासतेय.

स्वतः एकच बघा: डबीपाशी पिवळी किंवा पांढरी बारीक वायर करकचून वळवलेली, खिळ्याला गाठ मारलेली आहे का. काच आहे ती. पेन्सिलीभोवती गुंडाळल्यासारखं वळण दिलं की प्रकाश तिथेच बाहेर सांडतो. आणि कनेक्टर काढून आत डोकावून बघू नका. त्यातला लेसर १४९० नॅनोमीटरचा असतो, डोळ्यांना दिसत नाही पण डोळ्यांत जातो.

रात्रपाळी | मंगळवार, दुपारी १.४०

आठतारांना जोड. कनेक्टरचा रंगही बघा. हिरवा हिरव्याला आणि निळा निळ्याला. हिरव्याचं टोक ८ अंशांत तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं तसं नसतं. घाईत कुणी हिरव्याला निळा लावून गेलं तर दोन टोकं नीट टेकत नाहीत, प्रकाश बराच वाया जातो. सुरुवातीला चालतं, आणि मग जरा काही झालं की लाल दिवा.

ताळेबंद यांच्यासाठी: मी रात्रपाळीला आयटी सपोर्टमध्ये आहे. घरून काम करणारे लोक फोन करतात तेव्हा केबलचं कारण फार वेळा निघतं. नेटवर्क कार्डाच्या स्टेटसमध्ये 'स्पीड' लिहिलेलं असतं. १.० जीबीपीएस असेल तर केबलमधल्या आठही तारा जोडलेल्या आहेत. १०० एमबीपीएस दाखवत असेल आणि राउटर, कार्ड दोन्ही गिगाबिटचे असतील, तर एखादी तार तुटलेली असण्याची शक्यता आहे. १०० ला चारच तारा लागतात, म्हणून ती तेवढ्यावर चालू राहते. स्वस्तातल्या केबलमध्ये अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो. दाराच्या फटीतून वळवून नेली की आतल्या आत तुटते. तसंच डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क कार्डाच्या 'पॉवर मॅनेजमेंट'मध्ये वीज वाचवायला कार्ड बंद करायची परवानगी दिलेली असते, ती टिकमार्क काढून टाका.

नारायणपेठ | मंगळवार, दुपारी ३.१५

आणि वायफायवर असेल तर? आमच्याकडे लॅपटॉप आहे, केबल नाही. रात्री तोही सतत तुटतो.

रात्रपाळी | मंगळवार, दुपारी ३.५०

पेठेत घराला घर लागून आहे, प्रत्येक घरात एक राउटर. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. रात्री सगळे घरी आले की तिथे बोलायला जागा उरत नाही. मायक्रोवेव्हही त्याच पट्ट्यात चालतो. लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर न्या. ते भिंतींतून कमी जातं, हे लक्षात ठेवून राउटर मधल्या खोलीत आणा. ५ गिगाहर्ट्झवरही दिवसातून एखाद्या वेळी सगळ्यांचंच एकदम तुटून मिनिटाभराने येत असेल, तर राउटर बहुधा ५२ ते १४४ मधल्या चॅनेलवर आहे. तो पट्टा रडारबरोबर वाटून घेतलेला आहे, रडारसारखं काही ऐकू आलं की राउटरला ते चॅनेल सोडावंच लागतं. ३६ ते ४८ मधलं ठेवा. आणि लॅपटॉपवर काळ्या खिडकीत 'नेटश डब्ल्यूलॅन शो डब्ल्यूलॅनरिपोर्ट' चालवा, खिडकी अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडायची. गेल्या तीन दिवसांत वायफाय कधी तुटलं आणि का, याचा आलेखासकट अहवाल तयार होतो. हा अहवाल इतका उपयोगी आहे आणि तो आहे हेच कुणाला माहीत नसतं.

ताळेबंद | मंगळवार, रात्री ८.२५

सगळ्यांचे आभार. आत्ता मोबाइलवरून लिहितेय.

सांगितल्याप्रमाणे सातला दोन्ही खिडक्या लावल्या. रात्रपाळी, स्पीड १.० जीबीपीएस आहे. पॉवरचं टिकमार्क काढलं.

सात वाजून बेचाळीस मिनिटांनी गेलं. दोन्ही खिडक्यांत एकाच क्षणी 'जनरल फेल्युअर' यायला लागलं, राउटरच्यासुद्धा. केबलच्या पोर्टवरचा दिवा चालूच होता, लुकलुकत होता. मग 'आयपीकॉन्फिग' आणि 'ऑल' केलं. सात वाजता कॉम्प्युटरचा पत्ता १९२.१६८.१.५ होता. आता त्याच ठिकाणी १९२.१६८.१.५ आहे पण त्यापुढे कंसात 'डुप्लिकेट' लिहिलंय. आणि आणखी एक पत्ता आलाय, १६९.२५४ ने सुरू होणारा, तिथे 'ऑटोकॉन्फिगरेशन' असं लिहिलंय. 'डीएचसीपी एनेबल्ड' समोर 'नो' आहे.

वहीत लिहिलंय: पंप सहालाच बंद झाला. मिक्सर नाही. ७.४० ला सासूबाई देवापुढे दिवा लावून हॉलमध्ये आल्या आणि त्यांनी टीव्ही लावला.

आठतारा | मंगळवार, रात्री ८.४०

सापडलं. केबल ठीक, कार्ड ठीक, लाइन ठीक. पत्त्याचा घोळ आहे.

खात्रीसाठी आत्ताच एक बघा. स्टार्टमध्ये 'इव्हेंट व्ह्यूअर' शोधा, 'विंडोज लॉग्ज' आणि त्यात 'सिस्टिम'. ७.४० च्या आसपास 'टीसीपीआयपी' नावाची, ४१९९ क्रमांकाची नोंद असेल. तिच्यात तुमचा पत्ता आणि दुसऱ्या कुठल्यातरी यंत्राचा हार्डवेअर पत्ता, म्हणजे दोन-दोन अक्षरांच्या सहा जोड्या, दिलेल्या असतील. त्या उतरवून घ्या. मग मोबाइलच्या ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ उघडा, राउटरचं पान येईल. पासवर्ड राउटरच्या खालच्या स्टिकरवर असतो. जोडलेल्या यंत्रांची यादी बघा आणि त्या सहा जोड्या कुणाच्या नावापुढे आहेत ते सांगा.

ताळेबंद | मंगळवार, रात्री ९.१०

४१९९ आहे! रोजच्या नोंदी आहेत, सगळ्या संध्याकाळच्या. सहा जोड्या जुळल्या. यादीत त्यांच्यापुढे आमच्या टीव्हीचं नाव आहे आणि पत्ता १९२.१६८.१.५.

सासूबाईंना विचारून टीव्ही भिंतीवरच्या बटणाने बंद केला आणि केबल काढून घातली. कॉम्प्युटरवर नेट आलं. टीव्ही लावला, गेलं. त्यांनाही आता यात रस वाटायला लागलाय, त्या स्वतः रिमोट घेऊन उभ्या होत्या.

पण असं का होतं? आणि फक्त आम्हालाच का?

आठतारा | मंगळवार, रात्री ९.५०

राउटर घरातल्या प्रत्येक यंत्राला एक पत्ता वाटून देतो. हे वाटपाचं काम म्हणजे डीएचसीपी. तुमच्या कॉम्प्युटरवर ते 'नो' आहे, म्हणजे त्याने पत्ता राउटरकडून घेतलेला नाही, कुणीतरी हाताने १९२.१६८.१.५ लिहून ठेवलाय. राउटरला हे माहीतच नाही. त्याच्या वहीत ५ मोकळा आहे, म्हणून त्याने तो टीव्हीला दिला. एकाच सोसायटीत दोन फ्लॅटवर एकच नंबर रंगवला तर कुरिअरवाल्याचं जे होईल ते इथे झालंय.

दिवसभर टीव्ही भिंतीवरूनच बंद, म्हणून पत्ता एकट्या कॉम्प्युटरचा. संध्याकाळी टीव्ही उठतो आणि जाहीर करतो की ५ माझा. विंडोजला आपलाच पत्ता दुसरा कुणी सांगताना ऐकू येतो, ते नोंद करतं, त्या पत्त्यावर 'डुप्लिकेट' असा शिक्का मारतं आणि माघार घेतं. मग काहीतरी पत्ता हवा म्हणून १६९.२५४ वाला स्वतःच घेतं. तो पत्ता कुठेही दिसला तर ओळखायचं की या यंत्राला राउटरकडून किंवा हाताने दिलेला चालणारा पत्ता नाही. त्यावरून बाहेर जाता येत नाही.

राउटर बंद-चालू केल्यावर थोडा वेळ चालायचं, कारण केबलवरचा कॉम्प्युटर लगेच परत येतो आणि टीव्हीला वायफाय पकडायला वेळ लागतो. तेवढ्यात पत्ता तुमचा. टीव्ही परत आला की पुन्हा तेच. कॉम्प्युटर रीस्टार्ट करून फरक पडत नव्हता, कारण टीव्ही तर चालूच असायचा. आणि कंपनीचा माणूस दुपारी आला तेव्हा टीव्ही बंद होता. रात्री आला असता तरी त्याने मोबाइलवर स्पीड बघितला असता, आणि मोबाइलचा पत्ता वेगळा.

आता उपाय. कंट्रोल पॅनेलमधून नेटवर्क कनेक्शन्स उघडा, इथरनेटवर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, 'इंटरनेट प्रोटोकॉल व्हर्जन ४' वर दोनदा क्लिक. तिथे हाताने लिहिलेले आकडे दिसतील. आधी त्याचा फोटो काढा. मग पत्ता आणि डीएनएस दोन्हीकडे 'ऑटोमॅटिकली' निवडा, ओके. एवढंच.

ताळेबंद | मंगळवार, रात्री १०.१५

झालं. आता पत्ता १९२.१६८.१.९ आलाय आणि 'डीएचसीपी एनेबल्ड' समोर 'येस'. टीव्ही चालू आहे, पोर्टल उघडलं आहे, ओटीपी टाकून एक विवरणपत्र दाखलसुद्धा झालं.

हाताने लिहिलेला पत्ता कुठून आला तेही यांना आठवलं. फायबर यायच्या आधी आमच्याकडे केबल टीव्हीवाल्याकडचं नेट होतं. तेव्हा त्यांचा माणूस कागदावर आकडे लिहून आणायचा आणि कॉम्प्युटरमध्ये भरायचा. नंतर पहिला राउटर आला तेव्हा दुसऱ्या माणसाने आकडे बदलून ५ टाकला आणि तसंच ठेवलं. त्यानंतर राउटर बदलला, टीव्ही नवा आला. त्या आकड्यांकडे कुणी बघितलंच नाही.

मुळाकाठ | मंगळवार, रात्री १०.३०

छान झालं. पण आठतारा, एक विचारतो. नेटवर्क रीसेट केलं असतं तर हाताने लिहिलेला पत्ता उडून ऑटोमॅटिक झालंच असतं ना? म्हणजे माझ्या उपायानेही चाललं असतं.

आठतारा | मंगळवार, रात्री १०.४५

हो, चाललं असतं. तुमचं बरोबर आहे. तरी मी आधी शोधायलाच सांगेन. रीसेटने नेटवर्क कार्ड काढून पुन्हा बसवली जातात, व्हीपीएन असेल तर ते पुन्हा बसवावं लागू शकतं, आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवरची टॅली शेअर केली असेल तर तीही पुन्हा जोडावी लागू शकते. विवरणपत्रांच्या आठवड्यात ते नको. शिवाय आता ताळेबंद यांना हे माहीत आहे की १६९.२५४ दिसलं तर काय बघायचं. उद्या घरात कॅमेरा बसवायला कुणी आलं आणि त्यानेही असाच हाताने पत्ता लिहिला, तर त्या त्याला तिथेच थांबवू शकतील.

पर्वतीपायथा | बुधवार, सकाळी ७.००

फार आनंद झाला. काम करून गेलेल्या माणसाने काय सेटिंग केलं हे घरच्याला लिहून देण्याची पद्धत पडली पाहिजे. आम्ही वायरिंग केलं की मीटरबोर्डाच्या दाराच्या आत कागद चिकटवायचो, कुठला फ्यूज कुठल्या खोलीचा. राउटरच्या पाठीवर तसा कागद चिकटवायला काय हरकत आहे?

पौडरस्ता | बुधवार, सकाळी ९.४०

हे वाचून माझ्या दुकानातल्या प्रिंटरचं कोडं सुटेल असं वाटतंय. प्रिंटर वायफायवर आहे. त्याला मुद्दाम ठरावीक पत्ता दिलाय, १९२.१६८.१.२०, कारण पत्ता बदलला की कॉम्प्युटरला प्रिंटर सापडत नाही आणि बिलं अडकतात. पण अधूनमधून प्रिंटर 'ऑफलाइन' होतो, विशेषतः गर्दी असली की. ग्राहकांनाही वायफाय दिलेलं आहे. ऑटोमॅटिक केलं तर पत्ता बदलणार, नाही केलं तर भांडण. मग करायचं काय?

आठतारा | बुधवार, सकाळी १०.३०

तुमचाही तोच प्रकार असणार. गर्दी म्हणजे ग्राहकांचे मोबाइल, प्रत्येक मोबाइलला राउटर एक पत्ता देतो, आणि वाटता वाटता २० वर येतो.

राउटरच्या पानावर डीएचसीपीमध्ये 'रिझर्व्हेशन' किंवा 'अॅड्रेस बाइंडिंग' असं काहीतरी असेल. तिथे प्रिंटरच्या सहा जोड्या लिहा आणि त्यापुढे १९२.१६८.१.२०. मग प्रिंटरवरचा हाताने लिहिलेला पत्ता काढून त्याला ऑटोमॅटिक करा. प्रिंटर राउटरकडे मागेल, राउटर दर वेळी त्याला २०च देईल आणि दुसऱ्या कुणाला तो देणार नाही.

तुमच्या राउटरमध्ये ती सोय नसेल तर वाटपाची हद्द बघा. सुरुवात आणि शेवट असे दोन आकडे असतात. समजा २ ते २५४ आहे, तर ते १०० ते २५४ करा. मग १०० च्या खालचे पत्ते राउटर कुणालाच देत नाही, तिथे प्रिंटरला हाताने लिहिलेला २० निर्धास्त राहतो. कॅमेऱ्याचा डीव्हीआर असेल तर तोही तिथेच, फक्त वेगळ्या आकड्यावर. १ राउटरचा आहे, तो कुणाला देऊ नका. हद्द बदलल्यावर राउटर एकदा बंद-चालू करा आणि ग्राहक यायच्या आधी दुकानातली सगळी यंत्रं त्याला पुन्हा जोडू द्या.

रिझर्व्हेशन मोबाइलसाठी करत बसू नका. अँड्रॉइड १० आणि आयफोनच्या आयओएस १४ पासून मोबाइल आपला खरा हार्डवेअर पत्ता न दाखवता त्या वायफायपुरता बनवलेला दाखवतात. कधी तो बदलला की नोंद फुकट जाते. प्रिंटर, टीव्ही, डीव्हीआर यांचा सहसा बदलत नाही.

आणि ग्राहकांना बिलिंगच्याच वायफायवर घेऊ नका. राउटरमध्ये 'गेस्ट नेटवर्क' असेल तर ते चालू करून त्याचा पासवर्ड द्या. ग्राहक तिथे, प्रिंटर आणि बिलाचा कॉम्प्युटर इथे. दुकान बंद असताना करा, अर्ध्या तासाचं काम आहे. अडलं तर राउटरच्या त्या पानाचा फोटो इथे टाका, फक्त पासवर्ड झाकून.